पिन काढल्यानंतर

मामांनी माझ्या टिपणातल्या एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि कागद माझ्याकडे सरकवला. शब्द होता ‘व्यर्थ’.

दुसऱ्या महायुद्धावर वर्गात दोन तास घ्यायचे होते, त्यासाठी काढलेलं ते टिपण. त्यातला मजकूर असा : ‘अमेरिकेचे पुढे अध्यक्ष झालेले जॉन केनेडी यांचा थोरला भाऊ जोसेफ हा बॉम्बर वैमानिक १२ ऑगस्ट १९४४ रोजी इंग्लंडच्या आकाशात विमानासकट स्फोटात नाहीसा झाला. देह मिळाला नाही. ज्या ठिकाणावर हल्ला करायचा होता ते आधीच निकामी झालेलं असल्याने त्याचा मृत्यू व्यर्थ गेला.’

मामा हवाई दलात इलेक्ट्रिकल फिटर होते. पुण्याला लोहगावच्या तळावर कॅनबेरा बॉम्बर विमानांवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. आता वय ऐंशीच्या आसपास, पण सोसायटीत कुणाचीही इस्त्री, मिक्सर, गिझर बिघडला की आधी त्यांच्या दारात येतो. त्या दिवशी टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी खालच्या मजल्यावरच्यांची दारावरची बेल उघडून ठेवली होती.

“हा शब्द काढ,” ते म्हणाले.

“खोटं आहे का त्यात काही?”

“खोटं नाही. पण हे तू खुर्चीत बसून लिहिलंस, ऐंशी वर्षांनी. तो ज्या सीटवर बसला होता तिथून हे दिसत नव्हतं.”

इथून आमचं सुरू झालं ते चहाचे दोन कप थंड होईपर्यंत चाललं. मामा आणि मी भांडत नाही, पण एखादी गोष्ट पटली नाही तर दोघंही ती सोडत नाही. ते विमानाच्या बाजूने बोलतात, मी कागदाच्या.

आधी घडलं काय ते सांगते, कारण मामांनाही मला ते सगळं सांगावं लागलं. जर्मनांनी फ्रान्सच्या किनाऱ्यालगत काँक्रीटचे प्रचंड तळ बांधले होते. साध्या बॉम्बनी ते फुटत नव्हते. त्यावर अमेरिकनांनी काढलेला उपाय असा, की वापरून जुनी झालेली मोठी बॉम्बर विमानं आतून रिकामी करायची, स्फोटकांनी ठासून भरायची आणि रेडिओच्या साहाय्याने दुरून चालवत थेट त्या तळावर नेऊन आदळायची. या मोहिमेचं नाव ‘ॲफ्रोडाइटी’. अडचण एकच होती. रेडिओवर चालवून विमान धावपट्टीवरून उचलता येत नव्हतं. त्यामुळे दोन माणसांनी ते हवेत न्यायचं, २,००० फुटांवर स्थिर करायचं, मागून येणाऱ्या दुसऱ्या विमानाच्या हाती ताबा द्यायचा, स्फोटकं सज्ज करायची आणि किनारा यायच्या आत पॅराशूटने उडी मारायची.

जोसेफ केनेडी अमेरिकन नौदलाचा लेफ्टनंट होता, वय २९. हार्वर्डमध्ये कायद्याचं शेवटचं वर्ष बाकी असताना तो नौदलात शिरला. इंग्लंडच्या नैऋत्येला डंक्सवेलच्या तळावरून त्याने लिबरेटर विमानातून जर्मन पाणबुड्यांच्या शोधात कितीतरी फेऱ्या मारल्या होत्या. नेमून दिलेल्या फेऱ्या पुऱ्या करून त्याला घरी जायची मुभा मिळाली होती. तो गेला नाही. ॲफ्रोडाइटीसाठी माणसं हवी होती, त्याने नाव दिलं.

“टॉर्पेक्स,” मी म्हणाले, “२१,१७० पौंड. साडेनऊ टनांहून जास्त. तेव्हाच्या टीएनटीपेक्षा दीडपट ताकदीचं.”

मामांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. “आणि चालवायला दोघं.”

“दोघं. फर्सफील्डहून निघाले. मागून ताबा घेणारी दोन व्हेंचुरा विमानं, सोबतीला लढाऊ विमानं, फोटो घ्यायला एक मॉस्किटो. विमानाच्या नाकात टीव्हीचा कॅमेराही होता, १९४४ साली. रेडिओवर पहिलं वळण व्यवस्थित झालं. मग ‘स्पेड फ्लश’ हा ठरलेला शब्द जोसेफने रेडिओवर उच्चारला. त्यानंतरचा त्याचा शब्द कुणी ऐकला नाही. दोनेक मिनिटांनी, संध्याकाळी ६ वाजून २० मिनिटांनी, सफोकमधल्या ब्लाइथबर्ग गावाजवळ विमान हवेतच फुटलं.”

मागच्या मॉस्किटोला त्या स्फोटाचा तडाखा बसला, आतला छायाचित्रकार जखमी झाला, पण ते कसंबसं उतरलं. खाली झाडं पेटली, आसपासच्या पन्नासहून जास्त घरांचं नुकसान झालं. जमिनीवर कुणी दगावलं नाही. विमानातल्या दोघांचं मात्र पुरावं असं काहीही हाती आलं नाही.

“आता लक्ष्य सांग,” मामा म्हणाले.

“मिमोयेक. उत्तर फ्रान्समधली एक टेकडी. तिच्या पोटात जर्मनांनी तिरपे बोगदे खणले होते, लंडनवर रोखलेल्या अजस्र तोफांसाठी. एकेक नळी शंभर मीटरहून लांब. पण मामा, ६ जुलैला ब्रिटिशांच्या ६१७ स्क्वाड्रनने तिथे टॉलबॉय बॉम्ब टाकले होते. हे बॉम्ब जमिनीत खोल घुसून मग फुटत. बोगदा कोसळला, आत माणसं गाडली गेली, काम बंद पडलं. जोसेफ निघाला त्याच्या ३७ दिवस आधीची ही गोष्ट. त्या टेकडीवरून लंडनवर एकही गोळा सुटला नाही आणि सुटणारही नव्हता. मग व्यर्थ नाही तर काय म्हणू?”

“त्यांना ठाऊक होतं का हे?”

“नव्हतं. सप्टेंबरात कॅनडाच्या सैन्याने ती जागा घेतली, मग उलगडलं. तिथे तोफ होती हेसुद्धा त्यांना नीट माहीत नव्हतं. रॉकेटचा तळ असावा असा समज होता.”

“झालं तर. वरून काढलेल्या फोटोत खड्डे दिसतात. टेकडीच्या पोटात काय उरलंय ते कसं दिसणार? लंडनवर तेव्हा रोज उडते बॉम्ब पडत होते ना?”

“जूनपासून. रोज माणसं मरत होती.”

“मग त्या दिवशी त्या टेकडीवर जाणं बरोबरच होतं. नंतर कळलेल्या गोष्टीवरून आधीच्या माणसाला मोडीत काढायचं नाही. आम्ही रात्री विमानं पाठवायचो. पहाटे परत येताना दिवे मोजायचो. एक दिवा, दुसरा दिवा. कुठे गेली होती, तिथे काय होतं, आम्हाला कुणी सांगत नसे. तिथे काहीच नव्हतं असं मला आज कुणी येऊन सांगितलं, तर त्या रात्रीचं माझं काम वाया गेलं असं मी म्हणणार नाही.”

हे मला अर्धंच पटलं. मी म्हणाले, “तुमचं काम आणि त्याचा जीव यात फरक आहे. शिवाय त्याला जायलाच हवं होतं असंही नाही. घरी जायची मुभा होती. वर्षभरापूर्वी धाकट्या भावाने, जॉनने, पॅसिफिकमध्ये बोट बुडाल्यावर आपली माणसं वाचवली होती आणि त्याचं नाव सगळीकडे झालं होतं. वडिलांच्या सगळ्या आशा थोरल्यावर. थोरला मागे पडला होता. त्याच्यावर लिहिणारे बहुतेक जण म्हणतात, की त्या ईर्षेपोटी तो गेला.”

“असेल. नसेलही. जाणाऱ्याच्या मनात एकच कारण कधी असतं का गं? आमच्या तळावर मी पायलट पाहिले. कुणी भीती वाटायची म्हणून जायचे, कुणी मित्र चाललाय म्हणून. लिबरेटर त्याला नीट चालवता येत होतं. ज्याला येतं त्याने हात वर केला. मला एवढं पुरतं.”

मला पुरत नाही. इतिहास शिकवणाऱ्याला ‘हात वर केला’ इथे थांबता येत नाही. हात वर करायला सांगणारं कोण होतं, त्यांनी काय तपासलं होतं, हे विचारावंच लागतं. मी ते म्हटलं आणि मग वायरिंगचा विषय काढला. तेव्हा मामांचा चेहरा बदलला.

सैन्याच्या हवाई दलाने आपल्या विमानांत वापरलेली सज्ज करण्याची पद्धत वेगळी होती. नौदलाने या विमानात स्फोटकं सज्ज करायला विजेवर चालणारी स्वतःची यंत्रणा बसवली होती. अर्ल ऑल्सन नावाचा इलेक्ट्रॉनिक्स अधिकारी त्या तुकडीत होता. पुढे नोंदल्या गेलेल्या आठवणींनुसार, ही जोडणी सुरक्षित नाही असं त्याचं म्हणणं होतं. त्याने ते वरिष्ठांना सांगितलं आणि जोसेफलाही सांगितलं. उड्डाण ठरल्याप्रमाणेच झालं. स्फोटाचं नेमकं कारण कधीच ठामपणे ठरलं नाही. चौकशी झाली, तर्क निघाले. कुणी म्हणालं बाहेरचा रेडिओ संदेश यंत्रणेने चुकून पकडला, कुणी म्हणालं आतलं सॉलेनॉइड तापलं.

“सॉलेनॉइड,” मामा म्हणाले, आणि टेबलावरची बेल माझ्याकडे वळवली. “ये, बघ.”

बेलच्या आत तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं होतं, माझ्या अंगठ्याएवढं. वेटोळ्याच्या पोकळीत लोखंडाची छोटी दांडी. मामांनी बटणाच्या दोन तारा जुळवल्या. दांडी टणकन पुढे सरकली, पट्टीवर आपटली : टिंग. तारा सोडल्यावर स्प्रिंगने मागे आली, दुसऱ्या पट्टीवर : टाँग.

“वीज आली की दांडी ओढली जाते. एवढंच. बॉम्ब सज्ज करायलाही असंच काहीतरी असतं. आता ही दांडी मी बोटाने धरून ठेवतो, म्हणजे समज सुरक्षेची पिन घातली. तू तारा जुळव.”

मी जुळवल्या. बेल वाजली नाही. वेटोळं नुसतं बारीक गुणगुणत राहिलं.

“धरून ठेव. सोडू नकोस.”

मिनिटभराने त्यांनी माझं बोट वेटोळ्यावर टेकवलं. चांगलंच गरम लागत होतं. खालच्या मजल्यावरच्यांची बेल बिघडली होती ती यानेच. बटण आत अडकून राहिलं होतं, रात्रभर वीज जात राहिली आणि वेटोळ्यावरचा लेप करपला.

“बाहेरून काही दिसतं का? पिन जागेवर आहे, दांडी हलली नाही. बघणाऱ्याला वाटेल सगळं ठीक आहे. आत मात्र तापत चाललंय. आणि याच्या शेजारी तू साडेनऊ टन टॉर्पेक्स ठेव.” तारा त्यांनी माझ्या हातून काढून घेतल्या. “हेच झालं असं मी म्हणत नाही. मी ते विमान पाहिलेलं नाही. पण तुझा तो ऑल्सन जे सांगत होता ते फिटरला समजतं. फिटर ‘नाही’ म्हणाला की विमान जागेवरून हलता कामा नये.”

आमच्याकडे फॉर्म ७०० असतो, ते सांगू लागले. प्रत्येक विमानाचा. इंजिनवाला, इलेक्ट्रिकलवाला, शस्त्रवाला, ज्याने त्याने आपापलं तपासून त्यात सही करायची. पायलट त्या सह्या बघतो, शेवटी स्वतः सही करतो आणि मगच विमान त्याचं होतं. “म्हणजे माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून तो वर जातो. एकदा एका ठिकाणी, जागा विचारू नकोस, मी सही रोखली. एका कनेक्टरमध्ये ढिलेपणा वाटला. उड्डाणाची वेळ झालेली, वरचे साहेब डोक्यावर उभे. तीन तास उशीर झाला.”

“मग? काय सापडलं?”

“काही नाही. कनेक्टर चांगला निघाला. सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली.” थोडं थांबून म्हणाले, “तरी पुन्हा रोखली असती.”

माझ्या लक्षात आलं, की त्या वरिष्ठांवर माझ्यापेक्षा जास्त राग मामांचाच आहे. मी तेच बोलून दाखवलं. “मग मी ‘व्यर्थ’ म्हणते ते तुम्हाला का खुपतं? तुम्हीच तर म्हणताय, की तो मरायला नको होता.”

“नको होता हे खरं. पण ‘व्यर्थ’ लिहिलंस की तुझी मुलं काय करतील? ‘अरेरे’ म्हणतील आणि घरी जातील. नशीब वाईट, टेकडी रिकामी निघाली. यात त्या वायरिंगचं कुठे काय आलं? टेकडी भरलेली असती तरी ते विमान ब्लाइथबर्गवरच फुटलं असतं. तुझ्या वाक्यात दोष टेकडीवर गेलाय.”

मी गप्प झाले. आठवडाभर घोळवलेल्या वाक्यातली ही फट मला दिसली नव्हती.

तरी माझं म्हणणं मी सोडलं नाही. “‘बलिदान’ लिहिलं तरी तेच होतं, मामा. दोघांनाही मरणोत्तर नेव्ही क्रॉस दिला, आणि मोहिमेचा तपशील कितीतरी वर्षं गुप्त ठेवला. १९४५ मध्ये अमेरिकेने एका विनाशिकेला त्याचं नाव दिलं. आणखी एका धाकट्या भावाने, रॉबर्टने, तिच्यावर नोकरी केली. १९६२ साली क्युबाच्या नाकेबंदीत ‘मारुक्ला’ हे मालवाहू जहाज अडवायला हीच विनाशिका गेली, आणि तेव्हा अध्यक्ष जॉन होता. माणसाच्या नावाचं जहाज समुद्रात हिंडतंय म्हटल्यावर त्याच्या वायरिंगची चौकशी कोण करणार? पदक दिलं की फाइल बंद.”

“पदक द्यावंच. फाइलही उघडी ठेवावी.”

“तसं होत नाही.”

“होत नाही हे मलाही ठाऊक आहे,” मामा म्हणाले आणि बेलमधली जळकी तार काढू लागले.

मग बोलणं देहावर आलं. आमच्या आजीच्या माहेरी एक जण समुद्रावर गेला तो परत आला नाही. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, हे आजी सांगायची. पालाशविधी म्हणतात त्याला. पानं मोजून घेतात, ३६०. लहानपणी मला तो प्रकार भयंकर वाटायचा. आता वाटतं, ज्याने कुणी तो काढला त्याला घरातल्या बायकांचं जगणं कळत होतं. दारात कुणी आलं की छातीत धस्स होणं कधीतरी थांबायला हवं, एवढ्यासाठी ती पानं.

मामा म्हणाले, “केनेडींच्या घरी निदान तेवढी शंका नव्हती. मागच्या विमानातल्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आमचे १९७१ च्या युद्धातले बेपत्ता बघ. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे ५ डिसेंबरला गेले, सुखोई-७ घेऊन. ते चोपन्न जण. पाकिस्तानच्या तुरुंगात आहेत म्हणतात, नाहीत म्हणतात. त्या घरांना ‘गेला’ म्हणायचीही सोय नाही.”

“म्हणून देह न मिळणं चालेल?”

“चालेल कसं? पण मला विचारशील तर न मिळालेल्या देहापेक्षा न मिळालेलं उत्तर जास्त छळतं.”

मला ते तसं वाटत नाही. १३ ऑगस्टच्या रविवारी दुपारी ह्यानिस पोर्टच्या घरी दोन पाद्री आले. वडिलांनी आतल्या खोलीत त्यांच्याकडून ऐकलं, बाहेर येऊन मुलांना सांगितलं आणि ठरल्याप्रमाणे होड्या घेऊन समुद्रावर जायला लावलं. मुलं गेली. जॉन गेला नाही, तो एकटाच किनाऱ्यावर चालत राहिला. उत्तर त्यांना त्याच दिवशी मिळालं होतं. तरी पुढे जॉनने भावाच्या आठवणींचं पुस्तक जुळवून छापलं, तेव्हा वडिलांना ते वाचवलं नाही म्हणतात. हात लावायला काहीतरी हवं असतं. कपाळ, हात, निदान माती. माझे वडील गेले तेव्हा मी त्यांचा तळपाय धरून बसले होते. ते धरायला मिळालं नसतं तर मी कशी राहिले असते, मला सांगता येणार नाही.

मामांना मी हे सांगितलं नाही. त्यांनी मान खाली घातली होती आणि नव्या तारेचे वेढे मोजत होते. मध्ये बोलले तर आकडा चुकतो.

वेढे पुरे झाल्यावर त्यांनी चष्मा वर केला आणि माझं टिपण पुन्हा ओढून घेतलं.

“दोघं होते म्हणालीस. शेजारी कोण होतं?”

“विली. लेफ्टनंट विल्फर्ड जॉन विली.”

“इथे कुठाय?”

नव्हतं. माझ्या टिपणात एकच वैमानिक होता. भविष्यातल्या अध्यक्षाचा भाऊ, म्हणून त्याचं नाव मी लिहिलं आणि उजवीकडच्या सीटवरचा माणूस मला दिसलाच नाही. मला खरंच लाज वाटली. विलीने त्या दिवशी नेहमीच्या सहवैमानिकाची जागा स्वतःकडे घेतली होती. तुकडीत त्याचा हुद्दा वरचा होता, तो वापरून. खाली राहिलेला तो सहवैमानिक वाचला.

“आमच्या कॅनबेरात,” मामा म्हणाले, “पायलटला इजेक्शन सीट होती. नॅव्हिगेटर खाली नाकात, त्याला नव्हती. त्याला रांगत दारापाशी येऊन उडी मारावी लागायची. विमान सरळ धरून ठेवलं तरच ते जमणार. आमचे पायलट त्यावर बोलत नसत. पण मी सही करताना कायम त्या खालच्या माणसाचा विचार करायचो. वरच्याला एक संधी जास्त होती.”

केंब्रिजजवळ मॅडिंग्लीला अमेरिकन सैनिकांचं दफनस्थान आहे. तिथे ज्यांना कबर नाही त्यांच्यासाठी ४७२ फूट लांबीची भिंत उभी केली आहे, तिच्यावर ५,१२७ नावं कोरली आहेत. केनेडी आणि विली, दोघांचीही त्यात आहेत. पुढे कुणाचे अवशेष सापडले, ओळख पटली, तर त्याच्या नावाशेजारी काशाचं लहानसं फूल बसवतात. या दोघांच्या नावांशेजारी दगड तसाच कोरा आहे.

मामांनी झाकण लावलं, चार स्क्रू आवळले आणि तारा जुळवून पाहिल्या. टिंग-टाँग. समाधान झालं नाही म्हणून आणखी दोनदा वाजवून पाहिली.

मी ‘व्यर्थ’ खोडला. त्याजागी दुसरा शब्द सुचला नाही. तिथे मी ऑल्सनचा इशारा लिहिला, आणि वरच्या ओळीत जोसेफच्या शेजारी विलीचं पूर्ण नाव.

“कुठला होता तो?” मामांनी विचारलं.

“टेक्सासचा.”

“घरी कोण?”

“बायको. तीन मुलं.”

“तेही लिही,” मामा म्हणाले, आणि बेल घेऊन जिना उतरले.